लॅटिनचा भोवरा, खोपोलीचे टर्बाइन

रायगड जिल्ह्याच्या आतल्या अंगाला, बोरघाटाच्या पायथ्याशी, खालापूर आणि कर्जत हे दोन तालुके एकमेकांना लागून आहेत. दोघांच्याही वाट्याला एकेक जुने वीजघर आले आहे. खालापूर तालुक्यातले खोपोलीचे वीजघर १९१५ च्या फेब्रुवारीत सुरू झाले. कर्जत तालुक्यातले भिवपुरीचे १९२२ चे. (लोकलच्या पाटीवरचे भिवपुरी रोड स्टेशन वेगळे, वीजघर आहे ते घाटाच्या कुशीतल्या भिवपुरी कॅम्पला.) दोन्हींची रीत एकच. पाणी वर मावळात साठवायचे, खोपोलीसाठी लोणावळा, वळवण आणि शिरवटा या तळ्यांत, भिवपुरीसाठी आंद्रा नदीवरच्या ठोकरवाडी धरणात, आणि सह्याद्रीच्या कड्यावरून ते पाचशे मीटरच्या आसपास खाली कोकणात आणायचे. भीमेच्या खोऱ्यातले, एरवी पंढरपूरकडे आणि पुढे बंगालच्या उपसागराकडे गेले असते ते पाणी इथे वळून अरबी समुद्राची वाट धरते. जमशेटजी टाटांनी १९०४ मध्ये डोळे मिटले तेव्हा ही कल्पना कागदावरच होती. कंपनी १९१० मध्ये निघाली आणि वीज मुंबईच्या गिरण्यांना गेली.

ही सगळी कथा अनेकदा लिहिली गेली आहे. या लेखात तिच्यातला एकच शब्द हातात घ्यायचा आहे. कड्यावरून आलेले पाणी ज्या यंत्रावर आदळते त्याला आपण टर्बाइन म्हणतो. हा शब्द फ्रेंच, त्याचे मूळ लॅटिन, आपल्याकडे तो आला इंग्रजीच्या तोंडून. इथपर्यंत कोणताही कोश सांगेल. पण त्यापुढे प्रश्न सुरू होतात. लॅटिनमधला नेमका कोणता अर्थ या शब्दात उतरला? संस्कृतशी, म्हणजे पर्यायाने मराठीशी, त्याचे काही नाते आहे का? खोपोलीतल्या यंत्राला हे नाव काटेकोरपणे लागू पडते का? आणि शंभर वर्षे हे यंत्र आपल्या अंगणात फिरत असताना मराठीने त्याला स्वतःचे नाव का दिले नाही?

बहुतेक शब्दांना जन्मतारीख नसते. टर्बाइनला आहे. १८२२ मध्ये क्लोद ब्यूर्दँ या फ्रेंच खाण-अभियंत्याने पॅरिसच्या विज्ञान अकादमीला एक निबंध सादर केला. त्याचा विषय होता पाण्यावर चालणारी ‘त्युर्बीन’, म्हणजेच, त्याच्याच शीर्षकातल्या खुलाशाप्रमाणे, मोठ्या वेगाने गरगर फिरणारी यंत्रे. शब्द त्याने लॅटिनमधून उचलला आणि यंत्रावर चिकटवला. गंमत अशी की तेव्हा चालते यंत्र असे त्याच्याकडे नव्हते. नाव आधी आले, वस्तू मागून. ती वस्तू घडवली त्याचा सेंत-एत्येनच्या खाणविद्यालयातला शिष्य बनुआ फूर्नेरों याने. १८२७ चे त्याचे पहिले यंत्र जेमतेम सहा अश्वशक्तीचे होते. दरम्यान फ्रान्सच्या उद्योग-प्रोत्साहन संस्थेने सहा हजार फ्रँकांचे बक्षीस लावले होते, ते १८३३ मध्ये फूर्नेरोंला मिळाले. १८३७ मध्ये जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टमध्ये त्याने शंभराहून अधिक मीटर उंचीवरून आणलेल्या पाण्यावर एक फूटभर व्यासाचे चाक बसवले. ते मिनिटाला २,३०० फेरे घेत साठ अश्वशक्ती देत असे. पाणचाक म्हणजे ओढ्याकाठी कुरकुरत फिरणारे भलेमोठे लाकडी चाक, अशी ज्यांची समजूत होती त्यांना हे चमत्कारिकच वाटले असणार. उंचावरचे थोडे पाणी आणि लहानसे वेगवान चाक हीच पुढे खोपोलीची युक्ती ठरली.

आता लॅटिनकडे. मूळ शब्द ‘तुर्बो’, विभक्तिप्रत्यय लागताना त्याचे अंग ‘तुर्बिन्’ होते. आपल्याकडे ‘राजा’चे ‘राजन्’ दिसते तसेच हे. फ्रेंच शब्दाच्या शेवटचे ‘ईन’ हे म्हणून प्रत्यय नव्हे, ते लॅटिन अंगातच आहे. ‘मशीन’, ‘केबिन’ या शब्दांच्या शेजारी ठेवल्यावर ते प्रत्ययासारखे भासते एवढेच. या तुर्बोचे अर्थ अनेक: मुलांचा भोवरा, वावटळ, चातीची चकती, आणि वर रुंद खाली निमुळता असा कोणताही आकार. शेवटच्या अर्थामुळे लिनियसने १८ व्या शतकात एका जातीच्या समुद्री शंखाला तुर्बो हेच नाव दिले. भोवऱ्याचा अर्थ काव्यातही आहे. व्हर्जिलच्या ‘इनीड’ महाकाव्याच्या सातव्या सर्गात बेभान झालेल्या राणी अमाताला पोरांनी चाबकाने फिरवलेल्या भोवऱ्याची उपमा दिलेली आहे, आणि तिथे भोवऱ्यासाठी शब्द आहे तो हाच.

ब्यूर्दँच्या मनात यांपैकी काय होते? भोवरा की वावटळ? इंग्रजी कोश एका ओळीत दोन्ही सांगून मोकळे होतात. पुष्कळ अभियांत्रिकी पुस्तकांत ‘पाण्यातला भोवरा’ असाही अर्थ दिला जातो, कारण पाण्याच्या यंत्राला तो शोभतो. मला स्वतःला निबंधाच्या शीर्षकाकडे बघून खेळातल्या भोवऱ्याचे पारडे जड वाटते. ब्यूर्दँला जोर द्यायचा होता तो वेगाने स्वतःभोवती फिरण्यावर, पाण्याने घेतलेल्या वळणावर नव्हे. शिवाय पाण्यातल्या भोवऱ्यासाठी लॅटिनमध्ये ‘व्होर्टेक्स’ हा नेमका शब्द त्याच्या हाताशी होता. तो त्याने घेतला नाही.

तुर्बोच्या आगेमागे लॅटिनमध्ये आणखी एक गोतावळा आहे. ‘तुर्बा’ म्हणजे गलका, गर्दी, गोंधळ. ‘तुर्बारे’ म्हणजे ढवळणे, गढूळ करणे, अस्वस्थ करणे. यातूनच इंग्रजीतले डिस्टर्ब, टर्ब्युलंट, पर्टर्ब. फिरण्यातून गोंधळ आला की गोंधळातून फिरणे, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. ग्रीकमध्ये गोंधळ या अर्थाचा ‘त्युर्बे’ असा शब्द आहे. लॅटिनने तो उसना घेतला की दोघांचे मूळ एक, हाही वादाचा मुद्दा. जुन्या भारोपीय कोशकारांनी, त्यांत युलियुस पोकोर्नी प्रमुख, ही सगळी मंडळी ‘ढवळणे, वेगाने हलणे’ अशा अर्थाच्या एका आदिम धातूखाली गोळा केली आणि त्यांच्याच पंगतीला संस्कृत ‘त्वर्’ बसवला. म्हणजे आपल्या त्वरा आणि त्वरित या शब्दांची टर्बाइनशी दूरची सोयरीक लागली. ऐकायला गोड आहे. पण नंतरचे कोशकार या जोडणीबद्दल हात राखून बोलतात, आणि मलाही ती ठामपणे सांगावीशी वाटत नाही. ध्वनीचे नियम ताणून बसवलेले नाते आणि आपोआप बसणारे नाते यांत फरक असतो, आणि हे पहिल्या जातीचे आहे.

फ्रेंचमध्ये मात्र तुर्बोच्या घराण्याचा प्रपंच स्पष्ट दिसतो, आणि मराठी वाचकाला तो चटकन कळावा असा आहे, कारण तत्सम-तद्भव हा भेद आपल्या अंगवळणी पडलेला आहे. ‘त्युर्बीन’ हा तत्सम: पंडिताने ग्रंथातून उचललेला, फारसा न झिजलेला. ‘तुर्बियों’ आणि ‘त्रुब्ल्’ हे तद्भव: शतकानुशतके लोकांच्या तोंडात घासून गुळगुळीत झालेले. तुर्बियों म्हणजे वावटळ किंवा भोवरा. देकार्तने ग्रहांच्या गतीचा खुलासा करायला आकाशभर अशी तुर्बियों कल्पिली होती, आणि १८०१ मध्ये अब्राहम-लुई ब्रेगे या घड्याळजीने घड्याळातल्या फिरत्या पिंजऱ्याच्या पेटंटाला तेच नाव दिले. त्रुब्ल् इंग्रजीत ‘ट्रबल’ झाला. म्हणजे घाटात गाडी बंद पडल्यावर ड्रायव्हर ‘इंजिनला ट्रबल आहे’ म्हणतो तेव्हा तो खाली दिसणाऱ्या वीजघरातल्या यंत्राच्या चुलतभावाचे नाव घेत असतो. त्याच घाटात मालट्रकच्या मागे ‘टर्बो’ असे रंगवलेले दिसते. ही तर आणखी मजेदार गोष्ट. इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या टर्बाइनवाल्या यंत्राच्या लांब नावाला कात्री लावून लोकांनी ‘टर्बो’ केले, आणि ती कात्री चालवताना अजाणता लॅटिनची प्रथमा विभक्ती परत मिळवली. दोन हजार वर्षांपूर्वीचा रोमन पोरगा आपल्या भोवऱ्याला जे म्हणत होता तेच खोपोलीच्या चढावर ट्रकच्या मागे लिहिलेले आहे.

आता या शब्दातली मराठी माणसाने खरोखर थांबून बघावी अशी गोष्ट. तुर्बोला मराठीत एकच एक शब्द आहे, तो भोवरा. आपल्याकडेही खेळातला तो भोवरा, नदीतला तोही भोवरा, आणि डोक्यावरच्या केसांच्या वळणालाही आपण भोवराच म्हणतो. हा शब्द संस्कृत ‘भ्रमर’वरून आला. भ्रमर म्हणजे भुंगा हे सगळ्यांना ठाऊक असते. पण ‘भ्रमरक’चे पाण्याचा भोवरा आणि गुणगुणत फिरणारा खेळण्यातला भोवरा हे अर्थही संस्कृत कोशांत आहेत. मुळाशी धातू ‘भ्रम्’, फिरणे. त्याच धातूतून भोवती, भोवताल, भोवंडणे, आणि चक्कर येण्याला आपण म्हणतो ती भोवळ. आणि त्याच धातूतून भ्रम, संभ्रम, भ्रमिष्ट. म्हणजे संस्कृत-मराठीत फिरण्यापासून निघालेला अर्थ मनाच्या गोंधळापर्यंत पोचला. लॅटिनमध्येही नेमके हेच दोन टोकांचे अर्थ एका घरात नांदतात: भोवरा फिरवणारा तुर्बो आणि मन ढवळणारा तुर्बारे. ‘आज मी जरा डिस्टर्ब आहे’ असे आजचा कर्जतकर म्हणतो तेव्हा आणि त्याची आजी ‘पोराला भ्रम झालाय’ म्हणते तेव्हा दोघांची रूपके एकाच वाटेने गेलेली असतात.

पण वाट एक म्हणजे रक्त एक नव्हे. तुर्बो आणि भ्रमर यांचा ध्वनीने काहीही संबंध नाही. दोन समाजांनी आपापल्या भाषेत, एकमेकांना न विचारता, फिरण्यावरून गोंधळ सुचवला. माणसाचे शरीर सगळीकडे सारखेच. गिरकी घेतली की सगळ्यांनाच चक्कर येते. शब्दांच्या व्युत्पत्तीवर मराठीत हौसेने लिहिणाऱ्यांची मोठी परंपरा आहे, आणि तिचा एक दोष असा की अर्थ जुळला की नाते जुळले असे मानण्याची घाई होते.

खरी नाती हवी असतील तर तीही त्याच वीजघरात आहेत, फक्त टर्बाइनच्या पलीकडे. टर्बाइनचा दांडा पुढे जातो जनरेटरमध्ये. जनरेटरच्या मुळाशी लॅटिन ‘गेन्’, आणि जन्म देणारा या अर्थाचा लॅटिन ‘गेनितोर’ व संस्कृत ‘जनितृ’ हे अक्षरशः सख्खे भाऊ आहेत. मराठीत जनरेटरला ‘जनित्र’ हा पारिभाषिक शब्द केला गेला तो म्हणूनच विलक्षण नेमका बसला: भाषांतरही झाले आणि नातेवाईकही घरी आला. जनित्राच्या आत फिरतो तो रोटर. लॅटिन ‘रोता’, चाक, आणि संस्कृत ‘रथ’ एकाच मुळाचे. पाण्याचा झोत ज्या तोंडातून सुटतो ते नोझल इंग्रजी ‘नोझ’चे लहान रूप, आणि ते नाक आपल्या नासिकेचे भावंड. ब्यूर्दँने तुर्बोऐवजी व्होर्टेक्सवरून नाव घडवले असते तर तेही आपल्या घरातले निघाले असते, कारण त्याच्या मुळाशी असलेला लॅटिन ‘व्हेर्तेरे’, वळणे, आणि संस्कृत ‘वृत्’ एकच आहेत, ज्यातून आपला ‘आवर्त’ आला. एका फ्रेंच अभियंत्याच्या आवडीनिवडीमुळे त्या दांड्याच्या एका टोकाला परका आणि दुसऱ्या टोकाला आप्त अशी स्थिती झाली आहे.

फसव्या नात्यांचीही नोंद इथेच करून टाकतो. टर्बन म्हणजे फेटा हा शब्द डोक्याभोवती गुंडाळण्यामुळे टर्बाइनच्या घरातला वाटतो. तसे नाही. तो फारसी ‘दुलबंद’वरून तुर्कीमार्गे युरोपात गेला, आणि ट्युलिप हे फुलाचे नाव त्याच्याच पोटातले. खोपोलीच्या वीजघरापासून जवळच पावसाळ्यात गर्दी खेचणारा झेनिथ धबधबा आहे. ते नाव शेजारच्या कारखान्यावरून पडले. झेनिथ हाही जुन्या फ्रेंचमधून आणि मध्ययुगीन लॅटिनमधून आलेला शब्द, पण मूळ अरबी, ‘सम्त’ म्हणजे दिशा, वाट. लॅटिनच्या रस्त्याने आलेला प्रत्येक शब्द लॅटिनच्या गावचा नसतो.

तिसरा प्रश्न यंत्राचा. खोपोलीत सुरुवातीपासून बसवलेली यंत्रे पेल्टन जातीची. लेस्टर पेल्टन हा कॅलिफोर्नियातल्या सोन्याच्या खाणींच्या मुलखातला माणूस. त्याच्या चाकाचे पेटंट १८८० चे. चाकाच्या परिघावर मधोमध धार असलेल्या जोडवाट्या बसवलेल्या असतात. नोझलमधून सुटलेला झोत त्या धारेवर फुटून दोन्ही वाट्यांत वळतो आणि आपला सगळा जोर चाकाला देऊन खाली पडतो. ब्यूर्दँ-फूर्नेरोंच्या यंत्रात पाणी चाकाच्या आत शिरून वळणदार पात्यांमधून बाहेर पडे, चाक सगळीकडून पाण्याने भरलेले असे. पेल्टनचे चाक उघड्या हवेत फिरते. इंग्रजीत कित्येक वर्षे त्याला टर्बाइन न म्हणता ‘पेल्टन व्हील’ म्हणत, म्हणजे पेल्टनचे चाक, आणि ही सवय पुस्तकांत अजून शिल्लक आहे. काटेकोर माणूस म्हणेल की खोपोलीत आहे ते चाक, टर्बाइन नव्हे. मला हा काटेकोरपणा व्यर्थ वाटतो. ब्यूर्दँने व्याख्या केली ती वेगाची, पात्यांच्या ठेवणीची नव्हे, आणि वेगाच्या कसोटीवर पेल्टनचे चाक पास होते. १८८४ मध्ये चार्ल्स पार्सन्सने वाफेवर चालणाऱ्या यंत्राला तेच नाव दिले तेव्हा पाण्याची अटही गळून पडली. नंतर वायू आला, वारा आला. शब्द मोकळा झाला.

त्याहून महत्त्वाची बाब उलट दिशेची आहे. ब्यूर्दँच्या आधी टर्बाइन नव्हते असे म्हणणे कठीण आहे. फ्रान्सच्या त्या बक्षिसाच्या जाहीरनाम्यात ‘पाण्याची टर्बाइने’ या शब्दांना जोडूनच ‘बेलिदोरची वाकड्या पात्यांची चाके’ असे लिहिलेले होते. बेलिदोरने १८ व्या शतकात आपल्या जलयंत्रांवरच्या ग्रंथात दक्षिण फ्रान्समधल्या, विशेषतः तुलूझच्या, पिठाच्या गिरण्यांचे वर्णन केले होते. त्यांत चाक आडवे असे, जमिनीला समांतर, आणि त्याचा उभा दांडा थेट वरच्या जात्याला फिरवत असे. नव्या यंत्राचा पूर्वज म्हणून त्या काळच्या फ्रेंचांनी स्वतःच या आडव्या चाकांकडे बोट दाखवले. आणि असेच एक यंत्र मराठी मुलखात आहे. छत्रपती संभाजीनगरची, जुन्या औरंगाबादची, पाणचक्की हेच करते: लांबच्या झऱ्यावरून नळांनी आणलेले पाणी उंचीवरून पात्यांवर पडते आणि वरचा दगड फिरतो. ती ब्यूर्दँच्या निबंधाहून कितीतरी जुनी. उंचीवरचे पाणी, बंद नळ, झोत, पाती, उभा दांडा. खोपोलीशी तुलना केली तर प्रमाणाचा फरक प्रचंड, तत्त्वाचा कमी.

म्हणजे मराठीकडे वस्तू होती आणि शब्दही होता. तरी १९१५ मध्ये कोणी खोपोलीच्या यंत्राला पाणचक्की म्हटले नाही. आजही म्हणत नाही. याउलट साताऱ्याच्या चाळकेवाडीच्या पठारावर किंवा धुळ्याच्या साक्री भागात वाऱ्यावर वीज करणारी पाती उभी राहिली तेव्हा लोकांनी त्यांना तात्काळ पवनचक्की म्हटले, वर्तमानपत्रांनी म्हटले, सरकारी कागदांनीही म्हटले. तिथे दळण दळले जात नाही, हे कोणालाच खटकले नाही. मग पाण्याच्या बाबतीत हात का आखडला?

एक उत्तर नेहमी दिले जाते: परिभाषा करणारे आळशी होते, किंवा इंग्रजीचा दरारा. हे मला पटत नाही. याच वीजघरातल्या जनरेटरला जनित्र मिळाले, ट्रान्सफॉर्मरला रोहित्र मिळाले, आणि रोहित्र तर महावितरणच्या कागदांतून खेड्यापर्यंत पोचले. ‘गावाचे रोहित्र जळाले’ ही बातमी आपण रोज वाचतो. रोहित्र पोचले याचे कारण रोहित्र गावाच्या वेशीवर खांबावर बसलेले असते, जळते, बदलावे लागते, त्यासाठी अर्ज करावा लागतो. पवनचक्की माळावर मैलभरावरून दिसते. टर्बाइन दिसत नाही. ते कुंपणाच्या आत, इमारतीच्या आत, पोलादी कवचाच्या आत फिरते. कोयनेला तर वीजघरच डोंगराच्या पोटात आहे. ज्यांनी ते पाहिले ते अभियंते आणि कामगार, आणि त्यांचा व्यवहार इंग्रजी नावांचा. कारखान्यात रोजच्या बोलण्यात तर टर्बाइनही मागे पडते, यंत्राला ‘मशीन’ किंवा ‘युनिट’ म्हणून भागते. (या ‘मशीन’मधला ‘श’ अस्सल फ्रेंच आहे. इंग्रजांनी तो तसाच उचलला आणि आपल्याला दिला. टर्बाइनच्या वाट्याला मात्र इंग्रजी ‘आइ’ आला आणि फ्रेंच ‘ई’ गेला.)

जे बाहेर दिसते त्याला कर्जत-खालापूरच्या माणसाने आपली नावे दिली आहेतच. घाटावरून उतरणारे ते ‘पाईप’. यंत्रावरून सुटून पुढे वाहते ते ‘टाटाचं पाणी’. खोपोलीत ते पाताळगंगेला मिळते आणि खाली रसायनीच्या कारखान्यांना पुरते. भिवपुरीचे पेज नदीत उतरते, पुढे उल्हासला मिळून बदलापूर-कल्याणकडे जाते, आणि त्यावरच कर्जतमधला राजनाला चालतो. राजनाल्याच्या पाण्यावर या भागात उन्हाळी भात होतो; कोकणात पावसाळा सरल्यावर दुसऱ्यांदा भात काढणे ही चैन बहुतेक गावांना परवडत नाही. तिथल्या शेतकऱ्याला राजनाल्याला पाणी कधी सुटणार हे ठाऊक असावे लागते. ते पाणी वर कशावर आदळून आले, त्याच्याशी त्याला कर्तव्य नाही. नळाच्या कामातला ‘व्हॉल्व्ह’ हाही लॅटिन ‘वाल्वा’वरून आला, अर्थ दाराची फळी, आपल्याकडे तो गल्लीत आला, रोज उघडला-मिटला गेला, म्हणून झिजून ‘वॉल’ झाला आणि तो सोडणारा ‘वॉलमन’ झाला. टर्बाइनला अशी झीज नाही. फ्रान्समध्ये तो पंडिती शब्द होता, इथे येऊनही पंडितीच राहिला.

एका ठिकाणी मात्र मराठीने त्याच्यावर आपली मोहोर उठवली आहे, ती म्हणजे लिंग. लॅटिनमध्ये तुर्बो पुल्लिंगी. फ्रेंचमध्ये ‘ला त्युर्बीन’, स्त्रीलिंगी. इंग्रजीत लिंग उरलेच नाही. मराठीत आपण ‘ते टर्बाइन’ म्हणतो, अनेकवचनी ‘टर्बाइने’. यंत्र नपुंसकलिंगी, इंजिन नपुंसकलिंगी, म्हणून हेही. ‘तो भोवरा’ म्हणणारी भाषा त्याच अर्थाच्या परक्या शब्दाला ‘ते’ म्हणते, कारण तिने शब्दाचा अर्थ पाहिला नाही, शेजारी पाहिले. लेखनात अजून एकवाक्यता नाही: टर्बाइन, टर्बाईन, आणि विश्वकोशाच्या वळणाचे टरबाइन. यांपैकी कोणतेही चालावे. आग्रह धरण्याइतके त्यात काही नाही.

प्रतिशब्द आता हवा का? माझे मत नको असे आहे. पाणचक्की पुन्हा उभी करणे शक्य होते ते शंभर वर्षांपूर्वी. आज तो शब्द एका ऐतिहासिक वास्तूचे नाव होऊन बसला आहे. ‘भोवरा’ सुंदर बसला असता. व्युत्पत्तीनेही तोच नेमका अनुवाद. पण विजेच्या कारखान्यात ‘तीन नंबरचा भोवरा बंद आहे’ असे म्हणायला लागणारी निरागसता परिभाषा समित्यांकडे कधीच नव्हती. ब्यूर्दँकडे ती होती, एवढे खरे: मुलांच्या खेळण्याचे नाव घेऊन तो विज्ञान अकादमीपुढे गेला, आणि लॅटिनच्या पडद्याआड ते खेळणे कोणाच्या लक्षात आले नाही.

या शब्दाला आता आणखी एक गिरकी मिळते आहे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये टाटा पॉवरने राज्य सरकारशी दोन मोठ्या प्रकल्पांचा करार केला, पुणे जिल्ह्यात शिरवटा येथे १,८०० मेगावॉट आणि कर्जत तालुक्यात भिवपुरीला १,००० मेगावॉट. भिवपुरीच्या आजच्या वीजघराची क्षमता ७५ मेगावॉट आहे, खोपोलीची ७२. त्यावरून या आकड्याचा अंदाज यावा. या नव्या जातीच्या प्रकल्पात खालचे पाणी मागणी कमी असताना वर चढवायचे आणि मागणी वाढली की पुन्हा खाली सोडायचे असते. अशा कामासाठी बनवलेले यंत्र दोन्ही दिशांनी फिरते, एकीकडे पंप, दुसरीकडे टर्बाइन, आणि त्याचे नावही तसेच जोडलेले, पंप-टर्बाइन. त्यातला पंप लॅटिनचा नव्हे. तो उत्तर युरोपातल्या खलाशांच्या बोलीतून, बहुधा डचमधून आला. सरकारी मराठीने अशा प्रकल्पांना घाटघरपासूनच ‘उदंचन’ हे नाव दिले आहे, संस्कृतात विहिरीतून पाणी वर काढण्याला आणि त्या पोहऱ्यालाही म्हणतात ते. शब्द चोख आहे. कर्जतच्या बाजारात अजून कोणाच्या तोंडी नाही, तिथे ‘पंप स्टोरेज’ चालते. उदंचनातल्या यंत्राला काय म्हणायचे हे सरकारी मराठीने अद्याप ठरवलेले दिसत नाही. निविदांत ते टर्बाइनच आहे.